जागल्याच्या आतला माणूस

कचरूला तुम्ही बहुतेक पाहिलेलं आहे. पाठीवर काळी घोंगडी, तोंडावर पितळेचा मुखवटा, उसाच्या फडातून पळत येऊन चालत्या ट्रॉलीवर उडी मारणारा आणि चोराची मानगूट धरणारा जो जागल्या आहे ना, त्याच्या आत आमचा कचरू असतो. एरवी तो घनसावंगी ते अंबड रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवतो. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून मरणाने ढुंकूनही पाहू नये असं नाव आईबापांनी ठेवलं. मरणाने पाहिलं नाही, पण नंतर जे त्याच्याकडे आलं त्याला मरण म्हणायचं की आणखी काही, हे मला अजून कळलेलं नाही.

मी शैला. जुन्या जालन्यात राहते, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाले, आणि म्हातारपणी सुपरहिरोचे संवाद लिहिते. हे भोग भाच्यामुळे. माझा भाचा शौनक पुण्यात कॉम्प्युटरवर चित्रपटांची करामत करणाऱ्या कंपनीत होता. तिथल्या नोकरीला कंटाळून घरी आला आणि म्हणाला, "आत्या, आपण आपल्या मातीतला सुपरहिरो काढू."

"मातीतला म्हणजे? गांडूळ?" मी विचारलं.

तो हसला नाही. कलावंत माणसं हसत नाहीत. पण कल्पना चांगली होती, हे मला कबूल करायला हवं. पूर्वी गावोगाव रात्री जागून राखण करणारा जागल्या असायचा. आमचा जागल्या कधी झोपतच नाही. जमिनीला कान लावला की त्याला पंचक्रोशीतली चोरी ऐकू येते. विहिरीवरची मोटार चोरणारा असो, केबल कापणारा असो, कापसाच्या गंजीत हात घालणारा असो, हा तिथे हजर. जत्रेत आणि आठवडी बाजाराच्या मैदानावर पडदा लावून आम्ही पहिला भाग दाखवला, मग मोबाइलवर सोडला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात, ते पडद्यावर दिसतच होतं. तरी लोकांनी तो डोक्यावर घेतला, आणि त्याचं कारण होतं अंगदचा आवाज.

अंगद भोंगेवाला होता. रिक्षाला भोंगा बांधून जालनाभर फिरायचा. कापड दुकानाचा सेल, हरवलेलं पोर, पाणी कधी सुटणार, जत्रा कुठल्या वारी, सगळं त्याच्या तोंडून शहराला कळायचं. तांब्याच्या हंड्यात तोंड घालून बोलावं असा भरलेला, घुमणारा आवाज. "मायबाप हो" म्हणाला की माणूस हातातलं काम टाकून दाराशी यायचा. त्यामुळे पहिल्या दोन भागांत वाटणी सरळ होती. जागल्या उभा राहून बोलतो तेव्हा मुखवट्याआड अंगद, आणि पळतो, उड्या मारतो, झाडावरून लोंबकळतो तेव्हा कचरू. दोन माणसांत मिळून एक हिरो.

कचरूचा स्वतःचा आवाज म्हणाल तर घोगरा आणि फाटका. "तीर्थपुरी, तीर्थपुरी, अंबड" ओरडून ओरडून घशाचं वाटोळं झालेलं. त्याला मी कधी एकही वाक्य लिहिलं नाही आणि त्यानेही मागितलं नाही. "माझं काम उडी मारायचं, बाई," म्हणायचा, "बोलायचं काम अंगदभाऊचं. त्याला उडी येती का? न्हाई. मंग मला बोलता कामून यावं?" दुपारी जेवायच्या सुट्टीत दोघं एका डब्यात जेवायचे आणि एकमेकांची टर उडवायचे.

तिसऱ्या भागाचं निम्मं काम झालं होतं आणि अंगदला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग जालन्याचा सरकारी दवाखाना, मग संभाजीनगर, आणि परत आणला तो चादरीत गुंडाळून. लग्न झालेलं नव्हतं. घरी एकटी आई, गिरिजाबाई. ती रडली नाही. बायकांनी पाठीवर हात फिरवला, गळ्यात पडून रडल्या, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

दहाव्याला आम्ही सगळे गोदावरीच्या काठी गेलो. पिंड मांडले, आणि कावळा काही शिवेना. समोर बाभळीवर चांगले सात-आठ बसले होते, माना वाकड्या करून पिंडांकडे पाहत होते, पण खाली एक उतरेना. ऊन चढत चाललं. चुलत्याने हात जोडून सांगितलं, आईला अंतर देणार नाही. कावळे हलले नाहीत. मामा म्हणाला, रिक्षा विकणार नाही. तरी नाही. कोणी म्हणालं मुलाची लग्नाची इच्छा राहिली, त्याला काय करणार. नदीवर वारा नव्हता, पाण्याचासुद्धा आवाज येत नव्हता, आणि एवढी माणसं उभी असून कोणी खोकत नव्हतं.

मग कचरू पुढे झाला. ओल्या धोतराने, उघड्या अंगाने पिंडासमोर उभा राहिला आणि आपल्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "अंगदभाऊ, तुझ्या जागल्याला मी मरू देणार न्हाई. वचन हाय माझं."

बाभळीवरून एक कावळा उठला, सरळ खाली आला आणि पिंडात चोच घातली. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. माझ्या मात्र भर उन्हात अंगावर काटा आला.

वचन दिलं तर दिलं, पण आवाजाचं काय? तिथे शौनकची करामत उपयोगी पडली. अंगदचा आवाज अख्ख्या जालन्यात सांडलेला होता. दुकानदारांकडे, मंडळांकडे, रिक्षावाल्यांच्या मोबाइलमध्ये वर्षानुवर्षांच्या जाहिराती होत्या. शौनकने त्या सगळ्या गोळा करून कॉम्प्युटरला ऐकवल्या. एका दुपारी त्याने मला आणि गिरिजाबाईंना माडीवर बोलावलं आणि बटण दाबलं. अंगद बोलला. मी मागच्याच आठवड्यात लिहिलेलं वाक्य, जे त्याने जिवंतपणी पाहिलंसुद्धा नव्हतं, ते तो बोलला. श्वास तोच, "मायबाप हो" मधला झोका तोच. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

गिरिजाबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. "परत लाव," म्हणाल्या. मग पुन्हा, "परत लाव." संध्याकाळपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत. परवानगी विचारायची वेळ आली तेव्हा त्यांनी शौनकच्या डोक्यावर हात ठेवला. "बोलू दे त्याला, बाबा," एवढंच म्हणाल्या.

तिसरा भाग तुफान चालला. लोक पडद्यापुढे रडले. मेलेला माणूस बोलतो म्हणून नव्हे हो, आमचा अंगद गेलाच नाही म्हणून. शौनक तर हवेत होता. आता जागल्याची मालिका नको, जागल्याचं विश्व हवं. जागल्याचं बालपण, जागल्याची बहीण, जागल्या मुंबईत. आणि पुढेमागे काही अडलंच तर दुसऱ्या जगातला एक दुसरा जागल्या आणायचा, म्हणजे कधी संपायचा प्रश्नच नाही.

"अरे, पण तो कधीच मरणार नसेल तर त्याने चोराच्या कोयत्यापुढे उभं राहण्यात कसलं आलंय शौर्य?" मी म्हटलं. "मोठमोठ्या कंपन्यांच्या चित्रपटांत हेच चाललंय. एका भागात मारतात, पुढच्या भागात उठवतात. आता हिरो पडला की पोरं पॉपकॉर्न आणायला जातात. मरणाची भीती गेली की उरते ती कवायत."

"आत्या, लोकांना तेच हवंय. जरा बदललं की शिव्या घालतात. आपण छोटी माणसं, आपल्याला धोका परवडत नाही."

ते खरंही होतं. बहिणीची नुसती झलक टाकली तर खाली हजारभर लोकांनी लिहिलं, आम्हाला फक्त जागल्या पाहिजे, फक्त अंगददादाचा आवाज पाहिजे. शौनकने बहीण गुंडाळून ठेवली आणि चौथा भाग तिसऱ्यासारखाच लिहायला मला सांगितलं. मी लिहिला. संवाद त्याच जागी, उडी त्याच जागी, फक्त गाव बदललं.

चौथ्याच्या चित्रीकरणात मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. आता मुखवट्याआड कचरूच असायचा, बोलण्याच्या प्रसंगांतही. त्याच्या कानात छोटं यंत्र बसवलेलं असायचं. त्यातून, आणि आम्हा सगळ्यांना ऐकू यावं म्हणून बाजूच्या स्पीकरमधूनही, अंगदचा आवाज वाक्य म्हणायचा आणि कचरू त्या तालावर मान, हात, खांदे हलवत वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणायचा. सुरुवातीला त्याची तारांबळ उडायची. मग जमू लागलं. मग इतकं जमलं की बघणाऱ्याला भीती वाटावी.

एका भर दुपारी आम्ही अंकुशनगरकडच्या एका फडात होतो. ऊस दोन्ही बाजूंनी डोक्यावर गेलेला, आत हवा कोंडलेली. जागल्या चोराला दम देतो असा प्रसंग. कचरूने वाक्य म्हटलं आणि अंगदचा आवाज उसात घुमला. प्रसंग झाल्यावर आवाज टिपणारी सुमेधा हळूच माझ्याजवळ आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बाई, तुम्ही ऐकलं?"

"ऐकलं की. चांगलं झालं."

"कानातलं यंत्र आणि स्पीकर सकाळपासून बंद पडलेत, बाई. कॉम्प्युटर तर गाडीत आहे."

मी मुखवट्याकडे पाहिलं. कचरू तिथेच उभा होता, घोंगडी अंगाभोवती घेऊन, जमिनीकडे बघत. शौनकला सांगितलं तर तो खूश झाला. "अभिनय म्हणतात याला, आत्या! माणूस भूमिकेत शिरलाय." मी म्हटलं, भूमिका माणसात शिरली तर त्याला काय म्हणतात तेही सांग. पण तोवर तो पुढच्या प्रसंगाकडे पळाला होता.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी कचरूची बायको दैवशाला जालन्याला माझ्या घरी आली. शेतात जाते, बचत गट चालवते, एरवी ताठ मानेची बाई. त्या दिवशी सोफ्याच्या कडेला अवघडून बसली आणि चहाला हात लावेना.

"बाई, ते घरी बी तसंच बोलून राह्यलेत," ती म्हणाली.

"कसं?"

"अंगददादावानी. आधी मला मजा वाटली. म्हन्लं नक्कल करून राह्यले. मंग एक दिवस म्हन्लं, आता बास करा, आपल्या आवाजात बोला. तर तोंड उघडलं अन् त्यांचेच डोळे भरून आले. आवाज निघंना, बाई. स्वतःचा निघतच न्हाई. तोंड उघडलं की तो येतो."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं ना. घसा बराबर हाय म्हन्ले. आता ते माझ्यासंगं बोलतच न्हाईत. हातानं सांगतेत. पाणी पायजे, हात करतेत. जीपवर तेवढं वरडतेत, तर त्या आवाजानं माणसं पळत येऊन बसून राह्यली. जीप भरती. माझं घर रिकामं झालं, त्याचं काय?"

मग तिने खरं काम काढलं. "तुमी लिहिता ना? मंग मारा त्या जागल्याला. बिलकुल मारा. तवाच माझा माणूस सुटंल."

माझं आयुष्य पुस्तकांत गेलं. भूतपिशाच्चाच्या गोष्टींना मी हसत आले. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही. मी दुसऱ्याच दिवशी घनसावंगीला गेले. स्टँडवर जीप उभी होती, कचरू बोनेटला टेकून उभा. मला बघून त्याने हात जोडले आणि नुसती मान हलवली.

"कचरू, मी जागल्याला मारायचं म्हणतेय. पुढच्या भागात. सुटशील."

तो जोरजोरात मान हलवू लागला, नाही नाही म्हणून. मी विचारलं, का? त्याने हातांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, मला कळेना. शेवटी नाइलाजाने त्याने तोंड उघडलं, आणि भर बाजारात, त्या काळ्यासावळ्या जीपवाल्याच्या तोंडून, मेलेला अंगद माझ्याशी बोलला.

"कावळा शिवलाय, बाई. आता मागं फिरता येत न्हाई."

शेजारची एक म्हातारी आवाज ऐकून कौतुकाने वळली. मी बसस्थानकाच्या बाकावर जाऊन बसले.

म्हणजे गाठ अशी होती. जागल्या जगला तर कचरू असाच मुका राहणार. जागल्या मेला तर मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडणार, आणि शब्द मोडायला कचरू तयार नाही. शौनक तर सहा भागांचे आराखडे भिंतीवर लावून बसलेला. या सगळ्यातून मोकळं करू शकेल असं एकच माणूस होतं. गिरिजाबाई.

दैवशालाला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. दिवस कलायला आला होता. दारात चपला होत्या, कचरूच्या. तो आत पाटावर बसलेला आणि गिरिजाबाई त्याच्या ताटात भाकरी वाढत होत्या. तेव्हा कळलं, जीपची शेवटची फेरी अंबडला संपली की तो रोज तसाच जालन्याला इथे येतो. बसतो, बोलतो. म्हातारी त्याच्या आवाजावर दोन घास जास्त खाते, म्हणून येतो. वाईट काय होतं त्यात? काहीच नाही. म्हणूनच ते बघवत नव्हतं.

मी विषय काढला. जागल्याला मारायचंय, आवाज थांबवायचाय, तुमची परवानगी हवी. गिरिजाबाईंचा चेहरा दगडाचा झाला.

"एकदा जाळलाय म्या त्याला. आता दुसऱ्यांदा जाळायला सांगू नका."

दैवशाला त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आवाज चढवला नाही तिने. "मावशी, तुमचा लेक माझ्या घरात राहून राह्यला. मला सांगा, मंग माझा नवरा कुठं गेला?"

गिरिजाबाईंनी भाकरीची टोपली बाजूला सारली. तेवढ्यात कचरू, त्याला राहवलं नसेल बिचाऱ्याला, पुढे सरकला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्या गोड, घुमणाऱ्या आवाजात म्हणाला, "माय, तू जीवाला लावून घेऊ नको. तू जेवलीस का?"

गिरिजाबाईंनी मान वर केली.

"काय म्हन्लास?"

"तू जेवलीस का, माय?"

त्यांनी त्याचा हात गुडघ्यावरून उचलून बाजूला ठेवला. कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या, ओळखीचं काही शोधत असल्यासारख्या. घरात उजेड कमी झाला होता आणि दिवा लावायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"माझ्या अंगदनं मला कधी इचारलं न्हाई, जेवलीस का," त्या म्हणाल्या. "एकदा बी न्हाई. साऱ्या जालन्याला मायबाप म्हणायचा, अन् घरात पाय टाकला की भोंगा बंद. 'वाढ' म्हणायचा. बास. भाजी खारट झाली तर ताट सरकवायचा. रागीट व्हता, तुसडा व्हता. पण सकाळी मी उठायच्या आधी नळावरून पाणी भरून ठेवायचा. बोलायचा न्हाई. हंडे भरलेले दिसायचे."

मग कचरूकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यो जो तुझ्या तोंडात बसलाय ना, ह्यो माझा न्हाई. ह्यो त्याची जाहिरात हाय."

मी आयुष्यभर समीक्षा शिकवली. इतकं नेमकं वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. कॉम्प्युटरला आम्ही काय ऐकवलं होतं? सेल, जत्रा, आणि मी लिहिलेले शूर संवाद. त्याने त्यातून जो अंगद घडवला, तो तेवढाच होता. आणि त्या तेवढ्याशाला आम्ही एका आईच्या ताटासमोर बसवलं होतं.

कचरूने पुन्हा तोंड उघडलं. "पण वचन, माय. कावळा..."

"चूप," गिरिजाबाई म्हणाल्या. "त्यानं मागितलं व्हतं का तुला वचन? माझ्या लेकानं कधी कुणाकडं काही मागितलं न्हाई. भर उन्हाचं बसून बसून कावळ्याला भूक लागली, आला खाली. आईचं वचन मोठं का कावळ्याचं? मी सांगते तुला. सोड. मारा त्याला."

आवाजाची परवानगी गेल्यावर शौनकपुढे इलाज उरला नाही. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग आला आणि म्हणाला, दुसरा आवाज शोधू. पाच-सहा जणांचे आवाज ऐकले, सगळेच अंगदची नक्कल करत होते. शेवटी त्याने भिंतीवरचे आराखडे स्वतःच्या हाताने काढले. "लिही मरण," म्हणाला. "बुडालो तर बुडालो."

मी लिहिलं. आठ पानांचं मरण लिहिलं, जागल्याचं शेवटचं भाषण. वाचून दाखवल्यावर सुमेधासुद्धा रडली. आणि चित्रीकरणाच्या सकाळी मी ते फाडलं, कारण ते बोलणार कोण? ज्या हिरोला लोक आवाजासाठी बघायला यायचे तो न बोलता मरणार होता. शौनक म्हणाला, आत्या, हा वेडेपणा आहे. मी म्हटलं, आहे. घोडामैदान जवळच आहे, बघू.

दुपारच्या उन्हात, कापलेल्या फडात, पाचटावर जागल्या कोसळला. मग कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा त्याने मुखवटा काढला. आत एक घामेजलेला, दाढी वाढलेला, कोणाच्याही ओळखीचा नसलेला माणूस. त्याने तोंड उघडलं. ओठ हलले. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. बांधावरचा कुत्रा एकाएकी उठून शेजारच्या उसाकडे तोंड करून गुरगुरला, आणि वारा नसतानाही पाचट फडाच्या टोकापर्यंत सळसळत गेलं. मग थांबलं. सुमेधाने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. त्या दिवशी ते तिने पुन्हा घातले नाहीत.

घनसावंगीच्या मैदानावर अंधार पडता पडता पडदा लागला. जागल्या पडला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या, त्यांना वाटलं उठणार. मुखवटा निघाल्यावर शिट्ट्या बंद झाल्या. चित्रपट संपला तरी हजारेक माणसं पांढऱ्या पडद्याकडे बघत बसून होती. "पुढच्या भागात येईल परत," एकजण मोठ्याने म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून शौनकला शिव्या सुरू झाल्या, अजून चालू आहेत. निम्मे प्रेक्षक गेले. उरलेले विचारतात, आता काय? शौनकला ते माहीत नाही, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो कामाला बसलेला बरा दिसतो.

पण कचरूचा आवाज आला नाही. अंगदचाही गेला आणि त्याचाही आला नाही. दिवस गेले, कापूस वेचणी संपत आली. स्टँडवर तो मुकाट उभा राहायचा, हाताने खुणावून माणसं बसवायचा. जीप अर्धी रिकामी जायची. दैवशाला मला फोनवर म्हणायची, "बाई, आपण चुकलो तर न्हाई ना?"

मागच्या महिन्यात घनसावंगीच्या शिबिरात गिरिजाबाईंचे डोळे तपासून घेतले आणि परत जालन्याला यायला आम्ही अंबडपर्यंत कचरूची जीप धरली. त्या पुढे कचरूशेजारी बसल्या, मी मागे चेंगरून. जीप भरत आली होती. एक धोतरवाला पाहुणा शेवटचा चढला आणि त्याने दार असं आपटलं की काच खाली निसटली.

"ए पाव्हणं!" पुढून कोणीतरी खेकसलं. "दार हाय का दुश्मन हाय ते? हळू लावता येत न्हाई का?"

घोगरा, फाटका, चिडलेला आवाज. पाहुणा ओशाळला, मागचे लोक हसले. कचरूने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून गळ्याला लावले आणि आरशात माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू, घाबरत घाबरत म्हणाला, "बाई. मी बोल्लो."

गिरिजाबाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. पहिल्यांदा त्यांना हसू आलं. "किती घाणेरडा आवाज रे तुझा," त्या म्हणाल्या आणि त्याच्या केसांतून हात फिरवला. हात फिरवता फिरवता त्यांचा चेहरा मोडला.

"गेला गं," त्या म्हणाल्या, आम्हा कोणालाच उद्देशून नाही. "गेला माझा अंगद."

आणि त्या रडू लागल्या. कावीळ झाली तेव्हा, चादर आली तेव्हा, नदीकाठी, कधीच न रडलेली ती बाई कचरूच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडत होती. जीप गच्च भरली होती, उशीर झाला होता, पण चला म्हणून कोणी म्हणालं नाही.